इंकस्केपचं टाइल्ड क्लोन्स: एका पाकळीतून अख्खं मंडल

इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणजे कामचलाऊ असणार असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा एडिट मेनूत क्लोन, आणि त्यात क्रिएट टाइल्ड क्लोन्स उघडून बघाच (क्लोन म्हणजे मूळ आकाराशी जोडलेली कॉपी). मी पत्रिका आणि रांगोळीच्या डिझाइन्स करते, एकच आकार परत परत घ्यायचा पण दरवेळी थोडा फिरवून, थोडा लहान, थोडा फिका, हे काम रोजचंच, आणि त्यासाठी याच्याइतकं भारी मला तरी दुसरं सापडलेलं नाही. कोरलड्रॉ या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरमधलं स्टेप अँड रिपीट सारख्या अंतरावर कॉप्या टाकतं, बास. इथे शिफ्ट, स्केल, रोटेशन, ओपॅसिटी, कलर सगळ्यांचे वेगळे टॅब, आणि दर ओळीला नि दर कॉलमला किती बदल हवा तो आकडा आपण टाकायचा.

एक पाकळी काढा, तिच्यावर परत क्लिक केलं की मधे बारीक क्रॉस दिसतो, तो ओढून देठाशी आणा. मग १ ओळ, १२ कॉलम, रोटेशन दर कॉलमला ३० अंश, आणि शिफ्ट टॅबमधे एक्सक्लूड टाइलवर टिक, ही टिक विसरू नका नाहीतर पाकळ्या फिरतात खऱ्या पण रांगेत लांब पसरत जातात. क्रिएट दाबलं की फूल तयार! कॉलम ३६ करून स्केल दर कॉलमला उणे २ टक्के दिलं तर तेच फूल आत आत वळत जातं, काय सुंदर दिसतं ते. आणि नंतर मूळ पाकळीचं टोक जरा ओढलं की सगळे क्लोन आपोआप बदलतात, माझा सगळ्यात जास्त जीव यावरच आहे.

कापडाची नक्षी करणाऱ्यांनी सिमेट्री टॅब नक्की बघा. दोन्ही दिशांना रिपीट होणाऱ्या नक्षीच्या सिमेट्रीचे (म्हणजे आकार फिरवून, उलटवून, सरकवून जुळण्याचे) १७च प्रकार होतात हे रशियन शास्त्रज्ञ फेडोरोव्हने १८९१ मधे सिद्ध केलं, ते सगळेच्या सगळे तिथे आहेत.

हा डायलॉग, म्हणजे सेटिंग्जची चौकट, मात्र फारच गच्च भरलाय, नवीन माणूस बिचकतो. कलर टॅब चालायला मूळ आकाराचं फिल (आतला रंग) अनसेट, म्हणजे न ठरवलेलं, करावं लागतं, हे पटकन कळत नाही. आणि पहिला क्लोन बरोब्बर मूळ पाकळीवरच बसतो, म्हणजे १२ च्या जागी १३ पाकळ्या, स्क्रीनवर काही दिसत नाही पण लेझर कटिंगला तीच रेघ दोनदा कापली जाते, तेव्हा वरचा क्लोन डिलीट करा आणि मगच फाइल पाठवा.