१७९ रुपयांचं कार्ड आणि एप्रिलच्या गाण्यात शिरलेला जून

जूनमधल्या एका रविवारी सकाळी एप्रिलमध्ये केलेलं गाणं हेडफोनवर लावलं. साथीची गिटार नीट सुरू झाली. जी, ई मायनर, सी... आणि सी कॉर्ड पुरता वाजायच्या आतच मध्येच आदल्या रात्रीचा लीड गिटारचा तुकडा घुसला. लय वेगळी, पट्टी वेगळी. वाटलं, झोपेत भलताच ट्रॅक लावला. फाईलचं नाव पाहिलं, तारीख पाहिली. दोन्ही एप्रिलचीच.

माझ्याकडे आठ ट्रॅकचा छोटा रेकॉर्डर आहे. रात्रीची जेवणं आटोपली की त्यावर गिटारचे लूप करत बसायचं, हा माझा नाद. मिनिटाला ९६ मात्रांच्या टेम्पोला चार-चार मात्रांचे चार बार म्हणजे बरोबर १० सेकंद. तेवढा तुकडा कापून फिरत ठेवायचा, त्यावर बास चढवायचा, मग वरची गिटार. सांगायला सोपं आहे. पण शेवटच्या कॉर्डची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, हवेत असतानाच लूप पहिल्या मात्रेवर उडी मारतो. आस तिथे तुटते आणि कानाला खटकते. म्हणून मी चार बार न थांबता दोनदा वाजवतो आणि दुसरी फेरी कापून घेतो. तिच्या सुरुवातीला पहिल्या फेरीची आस आपसूक मिसळलेली असते. असा एक मनासारखा लूप जमायला वीस-वीस टेक जातात, आणि टेक पुसायला माझा हात होत नाही. पुढेमागे लागेल म्हणून सगळं ठेवतो. (घरात याला वेगळा शब्द आहे.)

२४ बिटला एका ट्रॅकचं एक मिनिट सुमारे ८ एमबी खातं. रेकॉर्डरमधलं जुनं ४ जीबीचं मेमरी कार्ड भरत आलं, म्हणून जानेवारीत ३२ जीबीचं ऑनलाइन मागवलं. नामांकित कंपनीचं लेबल, किंमत १७९ रुपये. कोपऱ्यावरच्या दुकानात तेच साडेचारशेला होतं. ‘स्टॉक क्लिअरन्स’ वाचून मी हुरळलो. फोटोत कोणीतरी कार्ड बोटांत धरलं होतं आणि अंगठ्याच्या नखाला निळ्या शाईचा डाग होता. तो डाग पाहून तर मला बरंच वाटलं, की चला, खऱ्या माणसाने स्वतः काढलेला फोटो आहे.

रेकॉर्डरने कार्ड घेतलं, फॉरमॅट केलं, स्क्रीनवर ३२ जीबीच्या हिशोबाने शिल्लक वेळ दाखवला. माझी खात्री पटली. फॉरमॅट करताना कार्डाची तपासणी होते, असा माझा भाबडा समज होता. प्रत्यक्षात सुरुवातीची फायलींची यादी तेवढी नव्याने मांडली जाते, आणि जागा किती हे यंत्र कार्डालाच विचारतं. कार्ड खोटं बोललं की यंत्रही तेच खोटं मला सांगणार.

आत खरी मेमरी होती ८ जीबीच्या आसपास. कार्डाचा कारभार पाहणाऱ्या कंट्रोलर चिपला ३२ सांगायला पढवलेलं. आठ खोल्यांच्या चाळीवर बत्तीस खोल्यांची पाटी लावावी, तसं. नववा भाडेकरू आला की मालक ‘या, या’ म्हणतो आणि गुपचूप आठव्या खोलीतल्याचं सामान बाहेर फेकून याला आत घेतो. नवा खूश. जुना परत येऊन दार उघडेपर्यंत कोणाला पत्ता नाही. म्हणूनच रेकॉर्डिंग करताना मला कधी काही जाणवलं नाही. आत्ता वाजवलेलं आत्ता नीट ऐकू येत होतं, उडत होतं ते आधीचं. जानेवारी ते मार्चची गाणी ठणठणीत, एप्रिलपासून पुढे खिचडी.

आता हिशोब बघा. ८ जीबी म्हणजे एका ट्रॅकचं सोळा-सतरा तासांचं रेकॉर्डिंग. ते भरायला मला तीन महिने लागले. माल परत करायची मुदत सात दिवस. या मधल्या फटीतच त्यांचा धंदा चालतो.

लिनक्सवर एफथ्री नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू. दोन्ही कार्ड काठोकाठ भरतात आणि मग लिहिलेलं परत वाचून ताडून पाहतात. ३२ जीबीला चांगला दीड-दोन तास लागू शकतो. कंटाळवाणं काम आहे, पण नवं कार्ड आल्या दिवशी करायचं ते हेच. मी ते पाच महिने उशिरा केलं. कार्डावरचं वाचवता येईल म्हणून एका डेटा रिकव्हरीवाल्याने ४००० रुपये सांगितले. पुसलेली फाईल कधीकधी परत मिळते, पण जिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलंय ती मिळत नाही. हे त्यालाही माहीत असणार. दुसऱ्यांदा फसायचं तेवढं वाचलं.

तक्रारीचं म्हणाल तर विक्रेत्याचं पान गायब झालं होतं. वेबसाइटवाल्यांनी ‘मुदत संपली’ एवढंच कळवलं. मग ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद केली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. हे कलम लिहून पाठवल्यावर त्यांचा सूर बदलला. ऑर्डरचं बिल आणि चाचणीचा स्क्रीनशॉट जोडा, नुसतं ‘खराब निघालं’ लिहिलंत तर दाद लागत नाही. तीन आठवड्यांनी १७९ रुपये खात्यात आले. अकरा गाण्यांचं काय, हे विचारायला त्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

नवं कार्ड बिल घेऊन दुकानातूनच आणलं. चाचणी लावून ठेवली आणि वेळ जाईना म्हणून सहज त्या साइटवर ‘३२ जीबी कार्ड’ शोधलं. दुकानाचं नाव नवं, भाव १६९, स्टॉक क्लिअरन्स. फोटो मोठा करून पाहिला. अंगठ्याच्या नखाला निळ्या शाईचा डाग.