ट्रायको, पॅसिलो की पोचोनिया? आधी झाड उपटून बघा

मार्चच्या अखेरीस मावसभावाचा फोन आला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात त्याचं वीस गुंठ्यांचं शेडनेट आहे. टोमॅटो संपत आलेला, पुढं काकडी घ्यायची ठरलेली. "दादा, दुकानात उभा हाय. ट्रायको नेऊ का पॅसिलो? दोन्ही पांढरीच पावडर दिसतीया. मालक म्हणतोय दोन्ही न्या." मी विचारलं, "झाड उपटून बघितलंस का?" तिकडं एकदम शांतता.

दुकानदार दोन्ही न्या म्हणणारच. ही दोन्ही औषधं म्हणजे दुसऱ्या जिवावर जगणाऱ्या जमिनीतल्या बुरश्या आहेत, एवढं खरं. पण एकीचं (ट्रायको म्हणजे ट्रायकोडर्मा) भक्ष्य बुरशी आणि दुसरीचं (पॅसिलो) सूत्रकृमीची, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक किड्यांची, अंडी. मर लागलेल्या प्लॉटला पॅसिलो सोडलं तर पैसे पाण्यात, आणि गाठी आलेल्या मुळाला नुसतं ट्रायको सोडलं तरी जवळपास तेच.

तर आधी मूळ बघायचं. झाड हिसका देऊन ओढू नका, खुरप्यानं मातीच्या ढेकळासकट काढा आणि बादलीत बुडवून हलक्या हातानं धुवा. मूळच जागोजागी सुजून मणी ओवल्यासारखं झालं असेल तर ती सूत्रकृमीची गाठ. भुईमूग-सोयाबीनला नत्राच्या गाठी असतात, त्यांच्याशी गल्लत होते. नत्राची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, नखानं खरवडली की सुटते, फोडली की आत गुलाबी. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण ते मूळच फुगलेलं असतं. गाठी नाहीत, मूळ तपकिरी पडलंय, साल बोटानं ओढली की पायमोज्यासारखी निघून येते आणि आत दोऱ्याएवढी शीर उरते, तर मूळकूज समजा. दोन्ही एकत्र असणंही नवलाचं नाही. सूत्रकृमीनं केलेल्या जखमेतून मरीची बुरशी आत शिरते, म्हणून बरेच जण मरीवर बुरशीनाशकं ओतत बसतात आणि मूळ कारण मुळाशीच राहतं.

ट्रायकोडर्माबद्दल फार सांगायला नको, आपल्याकडं उसाच्या बेण्यापासून आल्याच्या कंदापर्यंत सगळीकडं ते वापरलं जातं. ही बुरशी दुसऱ्या बुरशीच्या अंगावर जगते, हे रिचर्ड वाइन्डलिंग या शास्त्रज्ञानं १९३२ साली दाखवलं. रायझोक्टोनिया या मूळ कुजवणाऱ्या बुरशीच्या धाग्याला ट्रायकोचा धागा घेवड्याच्या वेलासारखा वेटोळे घालतो, विकरांनी त्याची भिंत विरघळवतो आणि आतलं शोषून घेतो. पिथियम, रायझोक्टोनिया, स्क्लेरोशियम, फ्युजॅरियम या मंडळींवर ते चालतं. सूत्रकृमीच्या अंड्यांवरही ते थोडंफार काम करतं असं प्रयोगांत दिसलंय, त्यामुळं पुड्यावर 'निमॅटोडवरही उपयुक्त' असं छापलेलं असतं. माझ्या मते तो जोडधंदा आहे, मुख्य धंदा नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या जिल्ह्यात लक्षात ठेवावी. ट्रायकोला जरा आम्लधर्मी जमीन मानवते. आजरा, चंदगड, शाहूवाडीकडच्या तांबड्या मातीत ते जसं जोमानं वाढतं तसं शिरोळच्या काळ्या, सामू आठच्या पुढं गेलेल्या क्षारपड रानात वाढत नाही. तिथं नुसत्या मातीत न टाकता शेणखतातून दिलं तरच त्याला पाय रोवायला जागा मिळते.

आता गाठींकडं वळू. खरी निवड इथंच आहे, आणि दुकानात तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

पॅसिलो म्हणजे जुनं पॅसिलोमायसिस लिलॅसिनस. २०११ साली शास्त्रज्ञांनी त्याचं नाव बदलून पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम केलं, त्यामुळं हल्ली पुड्यावर हे लांबलचक नाव दिसतं. माल तोच, वेगळं काही समजून जास्त पैसे मोजू नका. सूत्रकृमीच्या अंड्यांवर ही बुरशी वाढते हे १९७९ साली पेरूत (देश, फळ नव्हे) झालेल्या कामातून पुढं आलं. पोचोनिया क्लॅमिडोस्पोरिया ही दुसरी. तिचं जुनं नाव व्हर्टिसिलियम. इंग्लंडात धान्याच्या शेतात वर्षानुवर्षं एकच पीक घेऊनही सूत्रकृमी आपोआप घटत होते, त्याचा शोध घेताना या बुरशीचं महत्त्व कळलं. आपल्याकडं या दोन्हींची १ टक्का पावडर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं विकसित केली आहे.

दोघींचं काम वरवर सारखं. सूत्रकृमीची मादी मुळात तोंड खुपसून एका जागी बसते आणि शेपटाकडं चिकट लगद्यात दोनशे ते पाचशे अंडी घालते. उबदार मातीत पंचवीस-तीस दिवसांत एक पिढी पुरी होते, म्हणजे पाच महिन्यांच्या टोमॅटोत चार-पाच पिढ्या. बुरशीचा धागा अंड्याला चिकटतो, कवच विरघळवतो, आतला जीव खातो. मुळात आधीच शिरून बसलेल्या मादीला दोघीही फारसं काही करू शकत नाहीत. म्हणून गाठी भरल्यावर आळवणी करून (मुळाशी द्रावण ओतून) 'आठ दिवसांत फरक पडला नाही' म्हणणं बरोबर नाही. फरक पुढच्या पिढीत पडायचा असतो.

फरक आहे तो स्वभावात. पॅसिलो अंड्यांवर झपाट्यानं चढतं, पण मुळाभोवती जम बसवून राहण्यात कच्चं. त्याची संख्या जमिनीत घटत जाते. परदेशातल्या एका जुन्या पॅसिलो उत्पादनाच्या लेबलवर लागणीआधी दोन आठवडे, लागणीवेळी आणि पुढं दर सहा आठवड्यांनी, असं वेळापत्रकच आहे. पोचोनिया हळू चालते, पण जाड सालीचे बीजाणू करते. ते मातीत काही महिने तग धरून राहतात, शिवाय ती मुळांवर आणि मुळांत वस्ती करते. मात्र सगळ्याच पिकांच्या मुळांवर नाही. कोबी आणि मका तिला छान मानवतात, वांगं आणि भेंडी नाही. त्यातून टोमॅटो-वांग्यासारख्या पिकांत गाठी एवढ्या मोठ्या होतात की अंड्यांचे पुंजके गाठीच्या आतच राहतात, बाहेर फिरणाऱ्या बुरशीच्या हाती लागतच नाहीत.

तेव्हा काकडी-टोमॅटोसारखं पीक लगेच लावायचंय आणि हातात महिनाभरच आहे, तर मी पॅसिलो घेईन. वर्षभराचा फेरपालट करायची तयारी असेल, मध्ये मका किंवा कोबी येणार असेल, तर पोचोनिया त्या पिकाबरोबर मुरवावी आणि मग पुढचं नाजूक पीक घ्यावं. हे दुसरं शहाणपणाचं आहे, पण शेडनेटचा हप्ता भरणाऱ्याला मका परवडत नाही हेही खरं.

आता एक हिशेब, जो मी स्वतः पैसे घालवल्यावर मांडला. पुड्यावर 'सीएफयू २ × १०⁶ प्रति ग्रॅम' असं लिहिलेलं असतं, म्हणजे ग्रॅमला वीस लाख जिवंत बीजाणू. दोन किलोत ४०० कोटी. आकडा ऐकून छाती फुगते. एक एकर रानाची वरची अर्धा फूट माती धरा, साधारण ९ लाख किलो, म्हणजे ९० कोटी ग्रॅम. भागाकार करा. एका ग्रॅम मातीला चार-साडेचार बीजाणू. पोचोनियाच्या प्रयोगांत ग्रॅमला ५,००० चा दर ठेवतात. दोन किलो पावडर एकरभर विस्कटणं म्हणजे पंचगंगेच्या महापुरात गुळाचा खडा टाकणं.

तीच पावडर रोपवाटिकेत वापरा. किलोभर कोकोपीटला १० ग्रॅम मिसळली की ग्रॅमला २०,००० बीजाणू होतात, आणि रोपाचं पहिलं मूळ फुटतं तेच बुरशीच्या पहाऱ्यात. किंवा शेणखतात वाढवा. एक टन चांगलं कुजलेलं शेणखत, वर शंभर-दोनशे किलो निंबोळी पेंड, त्यात दोन किलो पावडर, सावलीत ढीग, मुठीत दाबलं तर पाणी गळू नये पण ढेकूळ मोडू नये एवढी ओल, वर गोणपाट, आणि मध्ये एक-दोनदा पलटी. पंधरा-वीस दिवसांत बुरशी तुमच्याच खर्चात वाढून मिळते. मग ते सरीत न फेकता लागणीच्या जागी ओंजळ-ओंजळ द्यायचं. बरीच वर्षं मी हेच करतोय, आणि कुठला पुडा घेतला यापेक्षा ढीग नीट लावला का, यावर जास्त फरक पडलेला बघितलाय.

पुडा जिवंत आहे का, याची एक ढोबळ घरगुती चाचणी. भात फडफडीत शिजवून गार करा, स्वच्छ पिशवीत मूठभर घ्या, चिमूटभर पावडर टाका, तोंड सैल बांधून अंधारात ठेवा. चार-सहा दिवसांत ट्रायको हिरवंगार होतं, आणि पुष्कळदा पिशवी उघडली की खोबऱ्यासारखा वास येतो. पॅसिलो आधी पांढरं, मग फिकट जांभळट, वाळत ठेवलेल्या लाल कांद्याच्या सालीच्या रंगाचं. काळं, पिवळं काही उगवलं किंवा आंबूस घाण आली तर पुडा परत. हिरवी रंगत इतर बुरश्यांनाही येते, त्यामुळं यावर पैज लावू नका. पण काहीच उगवलं नाही तर पावडर मेलेली आहे एवढं नक्की कळतं. पत्र्याच्या दुकानात मे महिनाभर तापलेला पुडा मी एकदा आणला होता. मुदत संपायला दोन महिने होते, आणि भात आठ दिवस जसाच्या तसा पांढरा.

पॅसिलो हाताळताना तोंडाला फडकं, डोळ्याला चष्मा, हातात मोजे घाला. या बुरशीमुळं माणसाच्या डोळ्यालाही क्वचित संसर्ग होतो, विशेषतः कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना किंवा आजारानं प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना. जैविक म्हणजे निर्धोकच, असं धरून चालू नका.

सापळे लावणाऱ्या बुरश्यांचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेले असतात. आर्थ्रोबॉट्रिस चिकट जाळी विणते, हे झोफ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८८८ साली बघितलं होतं. तिच्या एका भावंडाचा फास तीन पेशींचा असतो. सूत्रकृमी आत शिरला की सेकंदाच्या दहाव्या भागात फास फुगून आवळतो. बघायला जबरदस्त. रानात मात्र हे बेभरवशाचं, कारण बाहेरून आणून टाकलेल्या सापळेवाल्या बुरशीला मातीतली जुनी वस्ती टिकू देत नाही. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिची उत्पादनं निघाली होती, पण आपल्या दुकानात ती तुम्हाला दिसणार नाहीत, म्हणून निवडीतून सोडून देतो. याच जातकुळीतली डडिंगटोनिया मात्र जनावरांच्या खाद्यातून देतात. तिचे बीजाणू पोटातून शेणात येतात आणि तिथं जंतांच्या अळ्या पकडतात. ऑस्ट्रेलियात ती विकत मिळते. म्हशीवाल्या जिल्ह्यात कधीतरी यावी.

दुकानदार म्हणाला तशी दोन्ही एकत्र द्यायची का, हा प्रश्न उरतोच. ट्रायको दुसऱ्या बुरशीला खातं, मग पॅसिलोला सोडेल का? एका बशीत शेजारी वाढवली तर ट्रायको वरचढ होऊ शकतं. तरी शेणखतात दोन्ही मिसळून देण्याच्या शिफारशी आहेत. मी मधला मार्ग काढतो. दोन वेगळे ढीग लावतो आणि लागणीच्या दिवशीच एकत्र करतो. घरात कुणी धिंगरी अळिंबीचं युनिट चालवत असेल तर ट्रायकोचा ढीग तिथून लांब, गोठ्याच्या पलीकडं. अळिंबीच्या पिशव्यांवर येणारा हिरवा बुरा हा ट्रायकोचाच भाऊबंद.

आणि कार्बेन्डाझिम हे रासायनिक बुरशीनाशक. ट्रायकोच्या आळवणीनंतर चौथ्या दिवशी मी ते सोडलं होतं, कारण दोन झाडं सुकलेली दिसली. झाडंही गेली आणि ट्रायकोही. दोन्हींत पंधरा दिवसांचं अंतर तरी हवंच.

मावसभावानं शेवटी दुकानाबाहेर गाडी लावून रानातल्या गड्याला फोन केला. अर्ध्या तासानं मला फोटो आला. टोमॅटोचं मूळ आल्याच्या कंदासारखं गाठाळलेलं, साल घट्ट, कूज कुठं नाही. मी त्याला सांगितलं ते असं. टोमॅटो मुळांसकट काढून रानाबाहेर जाळ, बांधावर टाकू नकोस. एप्रिलभर रान भिजवून पारदर्शक प्लॅस्टिक अंथर, चार ते सहा आठवडे. बुरशी त्यानंतरच, आधी टाकली तर तीही भाजून निघेल. तोवर पॅसिलोचा ढीग लाव, काकडीची रोपं पॅसिलो मिसळलेल्या कोकोपीटमध्ये कर, आणि लागणीनंतर दीड महिन्यानं पुन्हा सोड. दसऱ्याचा झेंडू शेडनेटच्या मध्येच लाव, त्याची मुळंही सूत्रकृमीला जाच करतात. गाठी एवढ्या आहेत की पहिल्या पिकात निम्मं यश आलं तरी पुष्कळ. त्यानं भागत नसेल तर तळसंदे किंवा कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रात मातीचा आणि मुळांचा नमुना दाखवून रासायनिक औषधाचा सल्ला घे. फोरेट कुणी मागच्या दारानं देत असेल तर घेऊ नकोस, त्यावर बंदी आहे.

ढीग त्यानं आंब्याच्या सावलीत लावलाय. ट्रायकोचा पुडा मात्र परत केला नाही. म्हणाला, आडसाली उसाच्या बेण्याला लागेल की.