सेन्सरी टेबल, 7 महिन्यांच्या वापरानंतर: टेबल चांगलं, पण ते बूच बघून घ्या

काल तिसऱ्यांदा कस्टमर केअरचा तोच रिप्लाय आला, "बूच वेगळं मिळत नाही, पूर्ण टब घ्यावा लागेल", म्हणून आज लेक झोपल्यावर बसून सगळं लिहितेय. सेन्सरी टेबल म्हणजे लहान मुलांनी उभं राहून पाणी, कोंडा असलं काहीबाही हाताळत खेळायचं टेबल, लाकडी फ्रेम, दोन प्लास्टिकचे टब, वर झाकण, त्यात वेळ घालवत नाही. डिसेंबरमध्ये 5,499 ला घेतलं तेव्हा लेक 14 महिन्यांची होती, आता 21 ची आहे.

आधी हे सांगते की पहिला दीड महिना मी नवऱ्याला रोज म्हणत होते की परत करून टाकू. कारण घरात परात आहे, बादली आहे, वाट्या-डाव आहेत, आणि तेच पाणी, तोच गव्हाचा कोंडा ती परातीतही खेळत होती. माझ्या सासूबाई 22 वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. त्यांनी बॉक्स उघडताना बघितला आणि म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे चिंचोके, शिंपले, पानं, माती यावर पोरं शिकली, ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला हेच तर केलं." खरंच आहे ते. माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं पालघरकडच्या आदिवासी पाड्यावर कुठून आणणार, म्हणून बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी आजूबाजूला मिळेल त्यातनं साधनं केली. मग आपण साडेपाच हजार कशाला घातले हा प्रश्न मला झोपू देत नव्हता.

पण फेब्रुवारीत मत बदललं आणि ते अजून बदललेलंच आहे. परात जमिनीवर असली की ती दोन मिनिटांत परातीतच जाऊन बसायची नाहीतर परात उपडी करायची, संपला खेळ. टेबलापाशी ती उभी राहते, टब फ्रेममध्ये बसलेला असल्यामुळे उचलता येत नाही, दोन्ही हात मोकळे आणि सगळं पोटाच्या उंचीवर. मग ती खरंच काम करते. कपातून कपात पाणी ओतणं, चाळणीत पाणी का राहत नाही म्हणून चाळणी उलटीपालटी करून बघणं, चमच्याने कोंडा भरून बाटलीच्या तोंडात घालणं. एकदा सलग 35 मिनिटं, मी घड्याळ लावून बघितलं, आणि त्या वेळात माझी पोळ्यांची कणीक, भाजी दोन्ही झालं (ओटा आणि टेबल एकाच खोलीत आहे, पाणी असताना मी खोलीबाहेर जात नाही, चार बोटं पाणी असलं तरी नाही). म्हणजे पैसे उंचीचे आणि फ्रेमचे आहेत, टबाचे नाहीत.

आता बूच. मोठ्या टबाला तळाशी पाणी सोडायला भोक आहे आणि त्याला मऊ प्लास्टिकचं बूच. जाहिरातीत हेच फीचर म्हणून दाखवलंय, टब उचलायला नको, बूच काढा, खाली बादली ठेवा. पहिल्या महिन्यातच ते पाझरायला लागलं, खाली फडकं घातलं. मग मार्चमध्ये एक दिवस खेळताना पाणी एकदम धो धो खाली, मी वळून बघते तर बूच आमच्या छोट्या बाईंच्या तोंडात. तिने आतून नखाने उचकटून काढलं होतं. बोट घालून काढलं मी, काही झालं नाही, पण माझे हात अर्धा तास थरथरत होते.

रात्री पट्टी घेऊन मोजलं, 28 मिलिमीटर रुंद आणि जेमतेम 15 उंच. 3 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग तपासायला 31.7 मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात, त्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो असं धरतात. हे बूच त्यात आरामात मावतं. आणि बॉक्सवर लिहिलंय 12 महिने प्लस! मी हे सगळं फोटोसकट मेल केलं आणि विचारलं की बॉक्सवर आयएसआय मार्क कुठाय, 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांना तो सक्तीचा आहे. उत्तर आलं की हे खेळणं नसून फर्निचर आहे. जाहिरातीत चार वेळा "टॉय" शब्द आहे, तेही स्क्रीनशॉट पाठवले, त्यावर उत्तर नाही. बूच बदलून मागितलं तर म्हणे टब घ्या, 1,150 अधिक शिपिंग. त्या टबालाही तेच भोक आणि तेच बूच!

याच बॉक्समध्ये वॉटर बीड्सची दोन पाकिटं "फ्री" आली होती, तीही आत्ताच सांगते, फेकून द्या. पाण्यात फुगणाऱ्या त्या रंगीत गोळ्या मुलाने गिळल्या तर पोटात फुगतात, आतडं अडतं, आणि साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतही नाहीत. अमेरिकेत 2023 च्या डिसेंबरात ॲमेझॉन, वॉलमार्ट, टार्गेट यांनी मुलांसाठी म्हणून त्या विकणं बंद केलं. त्याऐवजी आम्ही साबुदाणा पारदर्शक होईपर्यंत शिजवून, गार पाण्यात धुऊन, बिटाच्या पाण्यात घालतो. तसाच बुळबुळीत, तोंडात गेला तरी चालतो, फक्त संध्याकाळपर्यंत टाकून द्यायचा, आंबतो. सासूबाईंना अन्न वाया गेलेलं आवडत नाही म्हणून मूठभरच घेतो. राजमा मात्र ठेवू नका, कच्चा राजमा पोटात गेला तर विषबाधा होते, आणि कुठलंही कडधान्य नाकात गेलं की ओलाव्याने फुगतं. कोंडा गिरणीतून 30 रुपयांत पिशवीभर मिळतो, नीट चाळून घ्या म्हणजे बारीक पीठ उडत नाही. पावसाळ्यात त्यात किडे होतात, जूनमध्ये आख्खी पिशवी टाकावी लागली.

तर दुरुस्ती. आधी भोक एम-सीलने बुजवलं. दोन आठवडे टिकलं, मग अख्खा गोळा एका तुकड्यात निघून आला. नंतर कळलं की या प्रकारच्या प्लास्टिकला एम-सील धरतच नाही, आणि निघालेला तुकडा परत तोंडात जाण्यासारखाच, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. म्हणून हा उपाय कोणी करू नका.

शेवटी मे महिन्यात फ्रेमच्या आतलं माप दोऱ्याने घेऊन पुण्यातल्या बोहरी आळीत गेले. तिथे केटरिंगच्या सामानाच्या दुकानात बुफेसाठीचे स्टीलचे ट्रे असतात, चौकोनी, कोपरे गोल, कडेला सपाट ओठ. दोरा लावून बघितला, ओठ फ्रेमवर बरोबर बसणारा मिळाला, 420 रुपये. कडेवरून बोट फिरवून धार नाही ना ते बघून घेतलं, 10 सेंटीमीटर खोल, भोक नाही, बूच नाही. पाणी मगने काढते, दोन मिनिटं जातात.

आणि जे मला अजिबात अपेक्षित नव्हतं ते म्हणजे आवाज. प्लास्टिकच्या टबात कोंडा, पाणी, चमचा सगळं मुकं होतं. स्टीलमध्ये पाण्याची धार पडली की वेगळा आवाज, ट्रे भरत आला की आवाज बदलतो, आणि हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. ओतायची, थांबायची, माझ्याकडे बघायची, परत ओतायची. आता रिकाम्या ट्रेमध्ये आधी थेंब थेंब टाकते आणि मान वाकडी करून ऐकते. गार पाणी घातलं की स्टीलही बाहेरून गार होतं, त्याला गाल लावते. मला तर वाटतं हा ट्रे कंपनीनेच द्यायला हवा होता.

बाकी पटकन. लाकडाला 7 महिन्यांत काही झालं नाही, एका पायाचा स्क्रू ढिला होतो, महिन्यातून एकदा आवळते. झाकण ठेवलं की जेवायला छोटं टेबल होतं, ते छान आहे. लहान टबाला भोक नाही, तो उत्तम चालतोय.

रेटिंग फ्रेमला 5 पैकी 4 आणि मोठ्या टबाला शून्य. घ्यायचंच असेल तर आधी विचारा की टबाला भोक आहे का, असेल तर घेऊ नका नाहीतर पहिल्या दिवशीच टब बदला. मी आज सकाळी ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवलीय, बूच आणि बिल एका पाकिटात घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलंय, काही उत्तर आलं तर इथेच लिहीन.