थंडीचे सायकलिंग ग्लोव्ह्ज: दोन महिने वापरून झाले, आता बोलते

ब्रँडचं नाव लिहिणार नाहीये हे आधीच सांगते. ज्यांच्या दुकानातून घेतले ते ओळखीचे आहेत आणि पुढं थोडी तक्रार पण आहे, उगाच वाकडेपणा नको. काळे, फुल फिंगर, बाहेरून वारा अडवणारं कापड, आतून फ्लीस, तळव्याला जेलच्या छोट्या गाद्या, मनगटाला वेल्क्रो. १४५० ला पडले. एवढ्यावरून कुठल्या टाइपचे ते कळलं असेल, सगळ्यांचे साधारण असेच येतात.

आमचा ग्रुप रविवारी पहाटे सव्वापाचला नाशिकच्या नांदूर नाक्याला जमतो आणि निफाडकडे निघतो, अंगात जोर असेल त्या दिवशी पुढं नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यापर्यंत, जाऊन येऊन शंभरच्या आसपास होतं. डिसेंबर जानेवारीत पेपरात निफाडच्या तापमानाचा आकडा येतो ना, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा, तो वाचून मुंबईचे नातेवाईक बापरे म्हणून फोन करतात आणि आम्ही त्याच हवेत सायकली काढलेल्या असतात. (टायरमध्ये दुपारी ९० भरलेली हवा पहाटे ८२-८३ दाखवते, पंक्चर नसतं ते, थंडीनं आतली हवा आकसते, तरी दरवर्षी कुणीतरी नवीन घाबरतंच.)

मागच्या वर्षापर्यंत मी सासूबाईंनी विणलेले लोकरीचे हातमोजे घालायचे. घरात, गॅलरीत, स्कूटीवर भाजीला जाताना एकदम उबदार, पण सायकलवर काही उपयोग नाही, कारण लोकरीच्या भोकांतून वारा सरळ आत. बाहेर ५ डिग्री असेल आणि तुम्ही ताशी ३० नं चालला असाल तर अंगाला ते ० सारखं लागतं, विंड चिलचा हिशोब आहे हा, आणि त्यात हात सगळ्यात पुढं, हँडलला धरून नुसते बसलेले. शिवाय शरीर आधी छाती-पोट गरम ठेवायला बघतं, बोटांचं रक्त मागं खेचतं. मागच्या जानेवारीत चांदोरीजवळ धुक्यातून उसाची ट्रॉली समोर आली, मागं रिफ्लेक्टर नाही काही नाही, मी ब्रेक दाबला आणि दाबला गेला की नाही तेच बोटांना कळेना. थांबले वेळेवर, पण त्याच दिवशी ठरवलं की आता नीट हातमोजे घ्यायचे.

तर हे घेतले. वारा अडवायच्या बाबतीत पैकीच्या पैकी मार्क. पहिल्याच राइडला निफाडच्या अलीकडं द्राक्षबागांत शेकोट्या पेटवलेल्या, धूर रस्त्यावर जमिनीलगत पसरलेला, म्हणजे थंडी किती असेल बघा, शेतकरी रात्रभर जागतोय मणी तडकू नयेत म्हणून. आणि माझी बोटं गरम. पायाची बोटं मात्र गेली होती कामातून, पण त्यावर फुकटचा उपाय आहे, दुधाची रिकामी पिशवी धुऊन पायमोज्यावरून बोटांना गुंडाळा आणि मग बूट घाला, हसू नका, करून बघा.

आता तक्रारी. साइज. लेडीज साइज हा प्रकारच ठेवत नाहीत, जेंट्सचा एम घ्या म्हणतात. माझ्या बोटांच्या टोकाला अर्धा इंच रिकामं राहतं आणि तेवढ्यानं गिअरचा घोळ होतो, छोटी खटकी दाबायला जावं तर दोन्ही दाबल्या जातात, चढावर हलका गिअर हवा असताना जड पडतो आणि मी जागेवरच डुगडुगते. जेलच्या गाद्या पण एम हाताच्या हिशोबानं बसवलेल्या, माझ्या तळव्याला त्या भलत्याच जागी टोचतात. टच स्क्रीनवाली तर्जनी म्हणून पाकिटावर छापलंय, फोन उचलायचा तर शेवटी नाकाच्या शेंड्यानंच उचलते मी.

नाकावरून आठवलं. अंगठ्याच्या पाठीला टॉवेलसारखं मऊ कापड लावलंय, मला वाटलं घाम पुसायला असेल. दोन राइडनंतर ग्रुपमधल्या एकानं सांगितलं की ताई ते शेंबूड पुसायला असतं. काय बोलणार! पण खरं सांगते, अख्ख्या हातमोज्यात सगळ्यात जास्त वापरलेला भाग तोच आहे, कारण थंडीत नाक गळतच राहतं आणि रुमाल काढायला कोण थांबतंय.

मोठा त्रास ऊन आल्यावर सुरू होतो. आपल्याकडची थंडी म्हणजे तीन-चार तासांचं काम. पहाटे ६-७ डिग्री आणि दुपारी २७-२८, त्यामुळं साडेआठला मिसळीला थांबेपर्यंत आत हात उकडलेले असतात. नांदूरमध्यमेश्वरला (२०२० ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलंय, महाराष्ट्रातली पहिलीच जागा, थंडीत पक्षी बघायला जाच) फोटो काढायचा म्हणून मी ओल्या हातातून ग्लोव्ह ओढून काढला तर आतलं फ्लीसचं अस्तर हाताबरोबर उलटं बाहेर आलं. पाचही बोटं. आणि ते परत आत जाईना. करंगळीच्या घरात अनामिका, अनामिकेच्या घरात गोळा, समोर पाण्यावर पक्ष्यांची ही गर्दी आणि मी पंधरा मिनिटं टपरीवरच्या चमच्याच्या दांडीनं अस्तर ढकलत बसलेली, टपरीवाले काका म्हणाले ताई राहू द्या, चहा गार होतोय. येताना एका हातात ग्लोव्ह, एक हात मोकळा, असं घरी आले.

दुकानात दाखवलं तर म्हणाले सगळ्यांचंच असं होतं, एकदम ओढायचं नाही, एकेक बोट टोकाला धरून सोडवायचं. म्हणजे चूक माझीच. शेवटी घराजवळच्या चांभारकाकांकडं गेले, त्यांनी प्रत्येक बोटाच्या टोकाला दोन-दोन टाके घालून अस्तर बाहेरच्या कापडाला धरून टाकलं, ४० रुपये घेतले. तेव्हापासून एकदाही उलटलं नाही. फक्त सुईच्या भोकांतून आता टोकाला किंचित गार लागतं, पण मला चालतंय ते.

धुवायचे तर हातानंच, आणि वाळायला दोन दिवस पूर्ण, म्हणजे शनिवारी धुतले तर रविवारी बोंब. उतरवल्यावर ठेवायचे कुठं हा पण प्रश्नच, जाड आहेत, जर्सीच्या मागच्या खिशात दोन्ही कोंबले की केळं बसत नाही.

इतकं असून घ्यावेत का? हो, पहाटे सातच्या आत निघत असाल तर घ्या, ब्रेक नीट लागणं ही काही चैन नाही. पण सगळ्यात जाड बघून घेऊ नका, ती चूक मी केली. आपल्याला ऊब कमी चालते, वारा अडला पाहिजे आणि खिशात मावलं पाहिजे, त्यामुळं वारा अडवणारेच पण बिनफ्लीसचे पातळ मिळाले तर ते बघा, फार गार पडलं तर आत साधे सुती घालता येतात. आमच्यातल्या एकानं लोकरीच्या हातमोज्यांखाली मेडिकलमधले रबरी घातले होते, वारा अडला पण काढले तेव्हा हात तासभर भांडी घासल्यासारखे सुरकुतलेले. आणि घालून, मूठ वळून, ब्रेक धरल्यासारखं करून मगच घ्या, ऑनलाइन साइज चार्टवर जाऊ नका. एस साइज येणार का म्हणून विचारू नका, मी तीनदा विचारून आलेय, पुढच्या लॉटला म्हणतात.