लिपिडचं अ‍ॅडव्हान्स पॅकेज: टेस्ट चांगली, रिपोर्ट अर्धवट

बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले तुम्ही भावंडांनीपण तपासून घ्या, म्हणून साध्या लिपिड प्रोफाइलऐवजी (रक्तातल्या चरबीची नेहमीची तपासणी) एपोबी (वाईट कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांवरचं प्रथिन) आणि लिपोप्रोटीन ए (एलडीएलसारखाच एक कण) असलेलं पॅकेज घेतलं. रक्त घ्यायला ताई घरी वेळेवर आल्या, एकदाच टोचलं, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात. इथपर्यंत छान.

पण रिपोर्ट! टोटल कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ३८, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली दुसरी चरबी २४०, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १२६ आणि त्याच्यापुढे पिवळा रंग, "किंचित जास्त". कोणीही वाचून निवांत होईल. आता हे एलडीएल मोजलेलंच नाहीये, टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून काढलंय, बारीक अक्षरात तसं लिहिलंय. ट्रायग्लिसराइड चढलेले असले की हा हिशोब कच्चा पडतो, ४०० च्या वर तर धरायचाच नाही. नॉन-एचडीएल म्हणजे टोटल वजा एचडीएल, सगळं वाईट कोलेस्टेरॉल मिळून, माझं १७४, ते छापलेलंच नाही!! खरं चित्र एपोबीने दाखवलं, ११८, म्हणजे जास्त. रक्तवाहिनीत रुतणाऱ्या प्रत्येक कणावर एपोबी एकच असतं, त्यामुळे असे कण किती आहेत ते सरळ कळतं. ह्या एका आकड्यासाठी पॅकेज घ्याच.

सोबतचा डाएट चार्ट मात्र सगळ्यांना एकच, "तेल-तूप बंद". माझे ट्रायग्लिसराइड गोड, मैदा आणि पोटाच्या घेरामुळे वाढलेले, ते डॉक्टरांनी समजावलं. गोड सोडलं, तूप-लोणी कमी केलं पण तेल पूर्ण बंद नाही, ओट्स आणि कडधान्यं वाढवली, रोज पाऊण तास भरभर चालणं. ४ महिन्यांनी ट्रायग्लिसराइड १५०, नॉन-एचडीएल १३८, एपोबी ९६. एचडीएल फक्त ४० झालं, त्याचं टेन्शन घेऊ नका असं डॉक्टर म्हणाले. बाबांमुळे कोलेस्टेरॉलच्या गोळीचं काय करायचं ते पुढच्या व्हिजिटला ठरणारे.

अजून एक, लिपोप्रोटीन ए अनुवंशिक असतं, खाण्याने फारसं हलत नाही, बहुतेकांना आयुष्यात एकदा केलं तरी पुरतं. तरी दुसऱ्या वेळी ते वगळून द्या म्हटलं तर लॅबवाले म्हणे "पॅकेज तोडता येत नाही". हे बरोबर नाही, लोकांचे पैसे जातात.

५ पैकी ३. पहिल्यांदा करताय तर घ्या, परत करताना नुसतं लिपिड प्रोफाइल आणि एपोबी वेगळं मागा, आणि नॉन-एचडीएलची वजाबाकी स्वतः करून डॉक्टरांना दाखवा.