साधा सर्व्हो की बस सर्व्हो? ह्युमनॉइड रोबोला हालचाल शिकवायला कोणतं किट घ्यावं

ह्युमनॉइड रोबोचं किट घ्यायचं म्हटलं की यादी फार लवकर दोनावर येते. सर्व्हो म्हणजे सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी छोटी मोटर, रोबोचा एकेक सांधा. एकीकडं साधे पीडब्ल्यूएम सर्व्हो (पल्सच्या रुंदीवरून कोन ओळखणारे) लावलेलं, खिशाला परवडणारं ॲल्युमिनियमचं किट; दुसरीकडं बस सर्व्होचं, म्हणजे एका साखळीत जोडलेल्या, विचारलं की आपली जागा सांगणाऱ्या सर्व्होंचं, महागडं. मी दोन्ही वापरली आहेत, पहिलं हौसेनं आणि दुसरं पदरमोड करून. लातूर-नांदेडकडची डिप्लोमाची पोरं अधूनमधून हेच विचारतात, तेव्हा एकदा नीट लिहून ठेवावं म्हटलं. टॉर्क (वळवायची ताकद), वजन, ब्रॅकेटची जाडी हे विक्रेत्याच्या पानावर असतंच, त्यात शिरत नाही. रोबोच्या हालचाली स्वतः प्रोग्रॅम करायला शिकायच्या असतील तर कोणतं बरं पडेल, तेवढंच बघू. (मोबाइल ॲपवर ठोकळे जोडले की नाचणारे तयार रोबो मी धरलेच नाहीत. ते वाढदिवसाला द्यायला ठीक आहेत.)

सांगाडा दोन्हीकडं साधारण एकच असतो. पायांत पाच-पाच सर्व्हो, हातांत तीन-तीन आणि मानेत एक, असे सतरा. जपानच्या कोन्दो कंपनीनं २००४ मध्ये केएचआर-१ काढला, तोही सतरा सर्व्होंचाच. पाच सर्व्होंच्या पायाला कमरेत उभ्या अक्षाभोवती फिरता येत नाही, त्यामुळं वळायचं झालं की पाऊल जमिनीवर घासतच वळावं लागतं. आमच्या घरी शहाबादी फरशी आहे. तिच्यावर वळणं झकास जमतं, पण चालताना पाय सरकतो. तळव्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला की चालणं सुधारतं आणि वळणं बिघडतं. यातून दोन्ही किटांत सुटका नाही, तेव्हा हा मुद्दा हिशेबात धरू नका.

आता साधे सर्व्हो. एमजी९९६आर जातीचे, तीन तारांचे: प्लस, मायनस, सिग्नल. दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स (विजेचा छोटा ठोका) पाठवायची, तिची रुंदी साधारण १ ते २ मिलिसेकंद, त्यावरून कोन ठरतो. आर्डुइनो (प्रोग्रॅम करायचा छोटा बोर्ड) हाताळलेल्याला यात नवीन काही नाही. घाम फुटतो तो सतरा एकदम हलवताना. आर्डुइनो ऊनोवर सर्व्होची लायब्ररी (तयार कोड) बारापर्यंत जाते. सर्व्हो चालवणारा पीसीए९६८५ चा बोर्ड घ्यावा तर त्याला १६ चॅनेल, म्हणजे सोळाच सर्व्हो. सतरावा सर्व्हो कायमचा उपरा. मग दोन बोर्ड लावा, मान आहे तशी ताठ ठेवा, नाहीतर ३२ चॅनेलचा तयार कंट्रोलर घ्या.

पण या किटावर शिकायला भरपूर मिळतं, हे मान्य करावंच लागेल. साध्या सर्व्होला गुडघा १२० अंशांवर न्यायला सांगितलं की तो अंगात असेल तेवढ्या वेगानं तिकडं झेपावतो. ‘अर्ध्या सेकंदात ने’ ही भाषा त्याला कळत नाही. अर्धा सेकंद म्हणजे २० मिलिसेकंदांचे २५ टप्पे. प्रत्येक टप्प्याला सतराही सर्व्होंचा मधला कोन काढायचा, पाठवायचा, थांबायचं, पुढचा काढायचा. हे लूप एकदा स्वतः लिहिलं की की-फ्रेम (हालचालीतली मुख्य पोझ) म्हणजे काय, दोन पोझमधलं अंतर वेळेत कसं वाटायचं, सुरुवातीला आणि शेवटाला वेग कमी का ठेवायचा, हे डोक्यात पक्कं बसतं. सुरुवात आणि शेवट मऊ करायला मी त्या लूपमध्ये कोसाइन घातला, तेव्हा कुठं दोन्ही हात वर करताना रोबो मागं कलंडायचा थांबला. बस सर्व्होवाल्याला हे आयतं मिळतं, त्यामुळं बरेच जण त्या वाटेला जातच नाहीत.

दुरुस्तीही सोपी. सर्व्हो गेला, काढला, दुसरा लावला. शहरात विचारपूस केली की मिळूनही जातो, कुरियरची वाट बघावी लागत नाही. हॉर्नला (सर्व्होच्या दांड्यावर बसणाऱ्या चकतीला) २५ दाते असतात, म्हणजे एक दाता १४.४ अंशांचा, त्यामुळं नवा सर्व्हो अगदी जुन्याच जागी कधी बसत नाही आणि उरलेला फरक कोडमध्ये ऑफसेट म्हणून टाकावा लागतो. कटकट आहे, पण एकदाची आहे.

माझं मन उडालं ते दुसऱ्याच कारणानं.

साध्या सर्व्होच्या पोटात पोटेन्शिओमीटर (कोनाप्रमाणं व्होल्टेज बदलणारा भाग) असतो. आपण कोणत्या कोनात आहोत हे त्याला स्वतःला माहीत असतं, फक्त सांगायला तार नाही. त्यामुळं बोर्ड चालू होतो तेव्हा रोबो कसा पडलाय, हात कुठं अडकलाय, गुडघा किती वाकलाय, याचा बोर्डाला पत्ताच नसतो. पहिली पल्स गेली की सतराही सर्व्हो सांगितलेल्या कोनाकडं पूर्ण ताकदीनं उडी मारतात. आर्डुइनोच्या लायब्ररीत सर्व्हो अटॅच केला (कोडमधून पिनेला जोडला) की आपण काही सांगायच्या आतच त्याला १५०० मायक्रोसेकंदांची पल्स जाते, म्हणजे तो मधल्या कोनाकडं पळतो. लिंक्समोशनच्या एसएससी-३२ या जुन्या, नावाजलेल्या कंट्रोलरच्या माहितीपुस्तिकेतही सूचना आहे की चॅनेलला पहिली आज्ञा देताना वेग किंवा वेळ देऊ नका, कारण सर्व्हो कुठं आहे हे कंट्रोलरला ठाऊक नसतं. म्हणजे वर ज्याचं एवढं कौतुक केलं ते लूप पहिल्या हालचालीला बिनकामाचं. निघायचं कुठून हेच माहीत नसेल तर मधले टप्पे काढणार कशाचे?

पुण्या-मुंबईच्या माणसाला हे किरकोळ वाटेल. रोबोला हातानं सरळ धरा, बटन दाबा, विषय संपला. आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही. सरावासाठी मी बॅटरीऐवजी एसएमपीएसवर (घरच्या लाईटवर चालणाऱ्या सप्लायवर) रोबो चालवायचो. लाईट गेली की तो मटकन गुडघ्यांत बसायचा आणि तोंडावर पडायचा, एक हात छातीखाली. लाईट कधी येईल ते सांगता येत नाही, आपण तोवर चहाला गेलेलो असतो. ती आली की पडल्या जागी सतराही सर्व्हो सरळ उभं राहायला ताणायला लागतात. छातीखालचा हात सुटत नाही. अडलेला प्रत्येक सर्व्हो दोन-अडीच अँपिअर ओढतो, व्होल्टेज बसतं, आर्डुइनो रीसेट होतो, पल्स थांबते, सगळे ढिले पडतात, व्होल्टेज सावरतं, आर्डुइनो उठतो आणि पुन्हा तेच. फरशीवर थडथड सुरू. भाच्यानं हा प्रकार बघितला आणि तो सैपाकघराकडं ओरडत पळाला, “आज्जी, मामाच्या रोबोच्या अंगात आलंय!” आतून आई म्हणाली, “मग बटन बंद कर ना, बघायलास काय नुसतं?”

उपाय आहेत. आर्डुइनोला वेगळा सप्लाय, सर्व्होंच्या लाइनवर मोठा कपॅसिटर आणि रिले, सर्व्हो एकेक करून अटॅच करणं, अटॅच करायच्या आधीच कोन लिहून ठेवणं. हे सगळं करून बघितलं. रीसेटचं चक्र थांबतं, पहिली उडी थांबत नाही. काही हौशी मंडळी सर्व्हो उघडून पोटेन्शिओमीटरवरून चौथी तार बाहेर काढतात आणि ॲनालॉग पिनेवर वाचतात. सतरा तारा. आर्डुइनो मेगावर ॲनालॉग पिना किती? सोळा.

इथं एक सांगून ठेवतो. वाळूजला मी ज्या शेडमध्ये मेंटेनन्स बघतो तिथं वेल्डिंगचे रोबो आहेत. लाईट जाऊन आली तरी आपण कुठं आहोत हे ते विसरत नाहीत, त्यांच्या एन्कोडरला (सांध्याचा कोन मोजणाऱ्या भागाला) त्यासाठी बॅटरीचा आधार असतो. टीच पेंडंट (रोबोला जागा शिकवायचा हातातला रिमोट) घ्यायचा, एकेक पॉइंट सेव्ह करायचा, अशी माझ्या हाताला सवय. तेव्हा माझा कल आधीपासूनच एका बाजूला असणार, तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

बस सर्व्हो मी एलएक्स-१६ए जातीचे वापरतो. रोबोटिसचे एएक्स-१२ए जास्त नावाजलेले, आणि बरेच महाग. तत्त्व एकच: एका साखळीत सगळे जोडलेले, प्रत्येकाला आयडी, आणि जागा विचारली की सर्व्हो सांगतो. एलएक्समध्ये २४० अंशांना ० ते १००० असे आकडे, एएक्समध्ये ३०० अंशांना ० ते १०२३. आज्ञा येईपर्यंत तो हलत नाही. आता माझा प्रोग्रॅम सुरू झाला की आधी सतराही जणांना जागा विचारतो. एखादा हात अंगाखाली सापडल्याचं आकड्यांवरून दिसलं तर तो आधी सोडवून घेतो आणि मग सावकाश बसत्या पोझवर येतो. लाईट येवो-जावो, रोबो पडल्या जागी निवांत पडून असतो.

आज्ञेतच वेळ देता येते: ५०० मिलिसेकंदांत ६२० वर जा, मधलं सर्व्हो बघून घेतो. शिवाय टॉर्क बंद करून रोबोला हातानं पोझ द्यायची, आकडे वाचायचे, सेव्ह करायचं. नमस्कार, सलाम, टाळी, खाली बसणं एवढं एका संध्याकाळी होऊन जातं. उजवीकडचं डावीकडं न्यायचा हिशेबही तोंडी होतो. उजवा गुडघा ६२० वर असेल तर डावा १००० वजा ६२०, म्हणजे ३८०.

मात्र हातानं शिकवायच्या या सोयीला भुलून जाऊ नका. एका पायावर उभं राहायची पोझ अशी शिकवली की ती हमखास फसते. पोझ देताना रोबोचं वजन तुमच्या हातावर असतं, म्हणजे वाचलेले आकडे बिनवजनाचे. टॉर्क चालू करून हात सोडला की घोट्याचा सर्व्हो भारानं दबतो आणि सांगितलेल्या जागेच्या थोडा अलीकडंच थांबतो. एक आकडा म्हणजे जेमतेम पाव अंश, पण असे आठ-दहा आकडे घोट्यात कमी पडले की वरचं धड पावलाच्या बाहेर जातं आणि रोबो आडवा. चालणं शिकवायला स्लायडर घेऊन बसावंच लागतं. वजन एका पायावर घे, दुसरा उचल, पुढं ने, टेकव. सांगायला चारच की-फ्रेम, पण घोट्याच्या आकड्यांशी झटापट करण्यात रात्र जाते. फरक एवढाच की बस सर्व्होवर सांगितलेला आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा शेजारी-शेजारी दिसतात. सात कमी पडत असतील तर सात वाढवून सांगून बघायचं. साध्या सर्व्होवर हेच काम डोळ्यांच्या अंदाजानं करावं लागतं, आणि माझा अंदाज तरी रात्री अकरानंतर चालत नाही.

बस सर्व्होचा त्रासही ऐकून घ्या. साखळीतला एक कनेक्टर ढिला झाला की त्याच्या पुढचे सगळे मुके होतात, आणि दोष नेमका कुठं आहे हे शोधायला पायाचे ब्रॅकेट उघडावे लागतात. सिग्नलची तार एकच आणि तिच्यावरूनच दोन्हीकडचं बोलणं, त्यामुळं मधे एक छोटा बोर्ड लागतो. एखादा सर्व्हो गेला की कुरियरची वाट बघत बसायचं.

उन्हाळ्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. मे महिन्यात परभणीकडं पारा ४२-४३ ला टेकतो. पत्र्याखालच्या खोलीत रोबो गुडघे वाकवून नुसता उभा ठेवला तरी सर्व्हो तापतात, दोन्ही जातींचे. बस सर्व्होचं तापमान वाचता येतं. एएक्स-१२ए मध्ये मर्यादा ७० अंशांची, ती ओलांडली की तो टॉर्क सोडून देतो. साधा सर्व्हो तापला हे वास आल्यावर कळतं.

राहिले पैसे. मी घेतले तेव्हा एका बस सर्व्होच्या पैशात साधे तीन-चार आले असते. सतरानं गुणल्यावर तो आकडा घरात मोठ्यानं सांगण्यासारखा राहत नाही. त्यामुळं बजेट खरंच कमी असेल, रोबो चालू असेपर्यंत त्याच्याजवळून हलणार नसाल आणि लूप, टायमिंग, सप्लाय हे मुळापासून शिकायचं असेल, तर साधं किट घ्या. ते वाया जाणार नाही. फक्त बॅटरीवर चालवा. ज्याला हालचाली रचण्यातच रस आहे त्यानं मात्र, मला विचाराल तर, थोडं थांबून बस सर्व्होच घ्यावेत. सतराचे पैसे एकदम नसतील तर पाच घ्या आणि नुसता एक पाय बांधा. टेबलाच्या कडेला आवळलेला एक पायसुद्धा पुष्कळ शिकवतो. वर सांगितलेलं २५ टप्प्यांचं लूप बस सर्व्होवरही लिहिता येतं. आयती वेळ वापराच अशी सक्ती नाही.

घेतलेत तर पेटी उघडल्या उघडल्या ब्रॅकेटला हात लावू नका. नवे सर्व्हो सगळे आयडी १ घेऊन येतात. सगळे साखळीत जोडून आयडी बदलायला गेलात तर सगळ्यांचाच एकदम बदलतो. एकेक जोडा, आयडी द्या, ५०० वर न्या, तिथंच ठेवून हॉर्न बसवा आणि मार्करनं आयडी अंगावर लिहा. ब्रॅकेटात बसल्यावर जी बाजू उघडी राहणार आहे, त्या बाजूला.