सत्रान्त लेखी परीक्षा की क्षेत्रभेटीचा प्रकल्प?

भूगोलाच्या पेपरात ‘गोव्यातील खाजन शेती’वर, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीवर, टीप येते. पाठांतर पक्कं असलं की गुण पडतात. त्याच विद्यार्थ्याला गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या बांधावर उभं करा. भरतीला मानशीची (बांधातल्या पाणी सोडण्या-अडवण्याच्या मोरीची) दारं आपोआप का मिटतात, ओहोटीला का उघडतात, खारं पाणी शिरलं तर भाताचं काय होतं, हे त्याला शेतकऱ्यांशी बोलून, स्वतः पाहून मांडावं लागतं. समज इथे दिसते. मी निम्मे गुण तरी याला देईन.

नाव झाकलेल्या उत्तरपत्रिकेला ओळखपाळख नसते, हे लेखी परीक्षेचं मोठं बळ. प्रकल्प मात्र आयता उतरवलेलाही असतो. म्हणून मागून दहा मिनिटांची तोंडी परीक्षा हवीच. साठ जणांच्या वर्गाला दहा तास लागतील, ते काढावेत.